शेततळ्यातील कमळाचा पसारा कसा आवरावा?

प्रश्न (कळमेश्वर, जि. नागपूर)
आमच्या शेतातील मातीच्या तळ्यात रोहू आणि कटला सोडलेले आहेत. काठाशी शोभेसाठी लावलेले कमळ आता निम्म्याहून अधिक पाण्यावर पसरले असून, ढगाळ दिवसांनंतर पहाटे मासे हवेसाठी वर येताना दिसतात. घरच्यांना फुले हवीच आहेत. तणनाशक फवारावे का?

उत्तर १
तणनाशक कृपया वापरू नका. पाने एकाच वेळी मेली की कुजताना पाण्यातील उरलासुरला प्राणवायूही संपवतात आणि मासे दगावतात. कमळाचे आडवे खोड, म्हणजे बाजारात मिळणारी कमळकाकडी, चिखलातून पुढे सरकत जाते आणि तिच्या पेरापेरातून नवी पाने व मुळे फुटतात. चिखलात हवा जवळजवळ नसते, त्यामुळे पानांकडून पोकळ देठांवाटे खाली येणाऱ्या हवेवरच हे खोड जगते. म्हणून नको असलेल्या भागातील देठ पाण्याच्या पातळीखाली कापावेत. देठांत पाणी शिरते आणि खोड गुदमरू लागते. नवे पान वर आले की पुन्हा कापावे लागते, आणि हा नेम वाढीचा सगळा हंगाम पाळला तरच उपयोग होतो. कापलेली पाने पाण्यात मुळीच ठेवू नयेत.

उत्तर २
गवत्या मासा सोडून पाहावा, तो पाने खाईल.

उत्तर ३
गवत्या मासा पाण्यातील मऊ वनस्पती आवडीने खातो, परंतु कमळाची बहुतेक पाने पाण्याच्या वर उभी राहतात, म्हणून त्याच्यावर विसंबू नये. त्यापेक्षा मे महिन्यात पाणी उतरल्यावर कमळकाकडी खणून काढावी. पेराचा तुकडा राहिला तरी तो पुन्हा फुटतो. बोंडेही पिकण्याआधी तोडावीत, कारण कमळाचे बी फार चिवट असते आणि चीनमधील एका जुन्या तळ्याच्या गाळात सापडलेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे बी रुजल्याची नोंद आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग फुलांसाठी काय करावे?

उत्तर १
तळाला छिद्र नसलेल्या रुंद सिमेंटच्या टाकीत चिकणमाती भरून एकच कंद लावावा आणि टाकी काठाजवळ अशी ठेवावी की तिची कड पाण्याच्या थोडी वर राहील. कड पाण्याखाली गेली, तर खोड तिच्यावरून बाहेर पडते.