मदत हवी आहे: हवेतला वाढलेला कार्बन डायऑक्साइड माणसामुळेच, हे मुलांना कसं दाखवू?

नववी-दहावीच्या मुलांसाठी शाळेत तासाभराचं सत्र घ्यायचं आहे. औद्योगिक क्रांतीआधी हवेत साधारण २८० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग) कार्बन डायऑक्साइड होता, आता तो ४२० च्या पुढे गेलाय, हे मुलांना पटतं. घोडं पुढे अडतं. "समुद्र आणि ज्वालामुखी माणसापेक्षा कितीतरी जास्त वायू सोडतात" असा मजकूर पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तापमानाचा विषय सध्या नको. वाढ कुणामुळे, याचा मुलांना स्वतः पडताळता येईल असा पुरावा हवाय.

प्रतिसाद १

आधी फळ्यावर जमाखर्च मांडा, समस्थानिकं (कार्बनचेच कमी-जास्त वजनाचे अणू) नंतर. हवेत १ पीपीएम वाढ म्हणजे सुमारे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. कोळसा, तेल, नैसर्गिक वायू आणि सिमेंट मिळून माणूस वर्षाला साधारण ३७ अब्ज टन सोडतो. सगळा हवेत साठला असता तर वर्षाला ४.७ पीपीएम वाढ दिसली असती. दिसते ती अडीचच्या आसपास, म्हणजे १९-२० अब्ज टन. जंगलतोड तर यात धरलेलीच नाही. बाकीचा समुद्राने आणि झाडा-मातीने शोषला. समुद्र भरपूर वायू सोडतो हे खरंच आहे, पण सोडतो त्याहून जास्त परत घेतो. त्या मजकुरात खर्चाची बाजू तेवढी दिलेली असते, जमेची नाही. ज्वालामुखी जगभरचे एकत्र धरले तरी माणसाच्या उत्सर्जनाच्या १ टक्क्याहून कमी भरतात.

मुलांना हवाईच्या मौना लोआ डोंगरावरच्या कार्बन डायऑक्साइड मोजणीची १९५८ पासूनची मासिक फाईल द्या. 'नोआ' या अमेरिकी हवामान-समुद्र संस्थेच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. एक्सेलमध्ये उघडताना दोन चुका हमखास होतात. एक, मे महिन्यात आकडा सर्वांत वर आणि सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत खाली असतो; उत्तर गोलार्धातली झाडं या मधल्या महिन्यांत वायू ओढून घेतात म्हणून. एका वर्षीचा मे आणि पुढच्या वर्षीचा सप्टेंबर शेजारी ठेवला तर वाढीऐवजी घटच दिसेल. तेव्हा मेची तुलना मेशीच करा, नाहीतर बारा महिन्यांची सरासरी घ्या. दोन, शेवटच्या रकान्यांत उणे आकडे दिसले तर ती मोजमापं नव्हेत, 'माहिती नाही' अशा खुणा आहेत.

"मौना लोआ स्वतःच ज्वालामुखी आहे ना?" असं कुणीतरी विचारणारच. विवरातला वायू आला की आकडा काही मिनिटांतच वरखाली उड्या मारतो, असे तास गाळले जातात. २०२२ च्या उद्रेकात रस्ता आणि वीज तुटली तेव्हा शेजारच्या मौना केआवरून मोजणी चालू ठेवली होती.

धागाकर्ता

जमाखर्च एकदम पटला. पण वाढ जंगलतोडीमुळे नसून कोळशा-तेलामुळे आहे, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद २

त्यासाठी कार्बन-१३, म्हणजे किंचित जड कार्बन, एकटा पुरत नाही. झाडं हलका कार्बन-१२ जास्त घेतात आणि कोळसा म्हणजे गाडली गेलेली झाडंच, त्यामुळे दोन्हींच्या धुरात कार्बन-१३ कमी. हवेतलं त्याचं प्रमाण ठरलेल्या मानकाच्या तुलनेत दर हजारी उणे ६.५ च्या आसपास होतं, ते उणे ८.५ पर्यंत घसरलंय. यावरून ज्वालामुखी बाद होतो, जंगल नाही.

निवाडा किरणोत्सारी कार्बन-१४ देतो. तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कोट्यवधी वर्षांच्या कोळशात काहीच उरत नाही, ताज्या लाकडात मात्र असतो. शास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी १९५० च्या दशकातच झाडांच्या वाढीच्या कड्यांमध्ये त्याची घट दाखवली. आलेख १९५० पाशीच थांबवा. त्यानंतरच्या अणुचाचण्यांनी उत्तर गोलार्धाच्या हवेत कार्बन-१४ जवळपास दुप्पट केला, मुलं गोंधळतील.

जोडीला ऑक्सिजन. जळताना तो खर्च होतो, समुद्रातून नुसता वायू बाहेर आला असता तर झाला नसता. मोजमापात तो दरवर्षी काही पीपीएमने घटतोय. हवेत तो जवळजवळ २१ टक्के असल्याने श्वासाला धोका नाही, हेही लगेच सांगा.

गोव्यात काब दि रामला १९९३ पासून हवेचे नमुने घेतले गेले आहेत. पावसाळ्यात तिथे समुद्रावरून दक्षिण गोलार्धातली हवा येते, हिवाळ्यात जमिनीवरची. म्हणून तिथला सुटा आकडा मौना लोआच्या आकड्याशी भिडवू नका.

वर्गात छोटा सेन्सर मीटर लावायचा मोह होईल, पण लावू नका. दारं-खिडक्या बंद असतील तर श्वासांनीच तो हजारावर जाईल. शिवाय अशा मीटरची चूक ५० पीपीएमपर्यंत असते, वर्षाची अडीच पीपीएम वाढ त्यात दिसणारच नाही.