मदत हवी आहे: मैफलींचं मिक्सिंग शिकवलेलं मॉडेल सगळं मधोमध आणून ठेवतंय

पेटीवाला_कोथरूड
तीन आठवडे अडकलोय. यातलं माहीतगार कोणी असेल तर लवकर सांगा. शास्त्रीय गायनाच्या मैफलींचे सुटे ट्रॅक आहेत आणि त्यांचं तयार मिक्सही आहे. दोन्ही देऊन मॉडेल शिकवलं. प्रत्येक ट्रॅकची पातळी, इक्यू (खर्ज-तार पट्ट्यांचं कमी-जास्त), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज जवळ आणणारा) आणि पॅन (डावं-उजवं स्थान) मॉडेल ठरवतं, मग बेरीज. डिफरन्शिएबल कन्सोलचा, म्हणजे मॉडेलसोबत शिकवता येणाऱ्या मिक्सरचा प्रकार. लॉस (मॉडेलची चूक मोजणारा आकडा) छान उतरतो, पण ऐकायला बसलं की सगळे कलाकार एकाच पाटावर बसल्यासारखे वाटतात! डावं-उजवं उरतच नाही. शिवाय आलापात तानपुरा गवयाच्या अंगावर येतो. रविवारपर्यंत एक तरी मैफल ऐकवण्यासारखी हवी आहे. काय चुकतंय?

कोडकरी_बाणेर
मैफली किती? ट्रॅक किती? सॅम्पल रेट ४४.१ की ४८ किलोहर्ट्झ? लॉस कुठला? तुकडे किती सेकंदांचे? यातलं काहीच लिहिलेलं नाही, उत्तर कसं द्यायचं?

सदाशिवपेठी
याला डीप लर्निंग कशाला? डॅन ड्यूगन यांचा ऑटोमिक्सर (माइकच्या पातळ्या आपोआप ठरवणारं यंत्र) १९७०च्या दशकापासून आहे. एकूण आवाजात ज्या माइकचा वाटा जेवढा, तेवढा गेन (आवाजाची वाढ) त्याला. मी परिसंवादांना हाच लावतो. सहा वक्ते एकदम बोलायला लागले तरी माइक शिट्टी मारत नाही. तोच लावा.

तबलजी_हडपसर
@सदाशिवपेठी, परिसंवादात तानपुरा नसतो हो. गवय्याने श्वास घेतला की तुमचा यंत्रमहाशय सगळा गेन तानपुऱ्याला देऊन टाकेल. गाण्याला हे चालणार नाही.

सदाशिवपेठी
तानपुरा त्यातून वगळायचा, एवढं साधं आहे. पण पॅन आणि इक्यू त्यात होत नाही, हे मान्य.

पेटीवाला_कोथरूड
४१ मैफली. पाच ट्रॅक: गळा, पेटी, दायाँ, डग्गा, तानपुरा. सगळं ४८ किलोहर्ट्झ. तुकडे १० सेकंदांचे. लॉस स्पेक्ट्रोग्रामवर (कुठल्या क्षणी कुठली कंप्रता किती, याचा तक्ता), डावा चॅनल डाव्याशी आणि उजवा उजव्याशी. सगळे माइक एकाच मंचावर, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्यात येतोच.

नवखा_श्रोता
मिक्सिंगसाठी पाच हजारांत कुठले हेडफोन घ्यावेत?

कोडकरी_बाणेर
तुमच्या मिक्समध्ये तबला नेहमी एकाच बाजूला असतो का? काही मैफलींत डावीकडे आणि काहींत उजवीकडे असेल, तर मॉडेल चुकत नाहीये. दोन्हीकडे सारखीच शिक्षा बसते म्हणून ते मध्य गाठतं. डावा-उजवा सोडा. दोन्ही चॅनलची बेरीज आणि वजाबाकी काढा आणि त्या दोघांच्या स्पेक्ट्रोग्रामवर लॉस लावा. बाजू उलटली तरी वजाबाकीचा आकार तोच राहतो, त्यामुळे पसरट मिक्स केल्याची शिक्षा होत नाही. मल्टिट्रॅक मिक्सिंगवरच्या संशोधनात हा उपाय वापरलेला आहे. ऑरालॉस नावाच्या पायथन लायब्ररीत तयार मिळेल.

तबलजी_हडपसर
लॉस बदलून काय होणार? आधी विदा (डेटा) दुरुस्त करा. मंचावर तबला बहुधा गवयाच्या उजव्या हाताला आणि पेटी डाव्या हाताला. श्रोत्याच्या बाजूने पाहिलं की तेच उलट. मिक्स करणाऱ्याने कुठली बाजू धरली, ते त्यालाच विचारा.

कोडकरी_बाणेर
४१ मैफली कानाने तपासायच्या म्हणता? लॉस बदलायला दोन ओळी लागतात.

तबलजी_हडपसर
दोन ओळींनी पेटी एका बाजूला आणि तबला दुसऱ्या बाजूला होईल. पण कुठला कुठे, हे मॉडेल स्वतःच्या मर्जीने ठरवेल. आयुष्यभर साथीला बसलेल्या माणसाला ते लगेच खटकतं.

पेटीवाला_कोथरूड
विचारलं. सुरुवातीच्या १८ मैफलींत बाजू गवयाची, नंतरच्या सगळ्यांत श्रोत्याची! हे माझ्या लक्षातच नव्हतं.

रमणबागकर
तानपुऱ्याबद्दल कोणीच बोलत नाही. तानपुरा मोठा असणं ही चूक कशी? सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत व्हायचा तेव्हा अगदी मागच्या भारतीय बैठकीतही जवारी (तारांची गुंज) कानावर यायची, आणि त्यानेच सूर बसायचा. आता मुकुंदनगरला जातो, तिथे गळा आणि तबला छान, पण तानपुरा शोधावा लागतो. मॉडेल बरोबर करतंय!

तबलजी_हडपसर
मांडवातला आवाज वेगळा आणि हेडफोनमधला वेगळा. घरी ऐकताना तानपुरा गळ्याखाली अंथरल्यासारखा हवा.

कोडकरी_बाणेर
तक्रार फक्त आलापातली आहे, ते वाचा. पेटीवाला, ट्रॅक मॉडेलला देण्याआधी पातळी सारखी करता का? आणि ती कधी मोजता?

पेटीवाला_कोथरूड
हो, प्रत्येक १० सेकंदांच्या तुकड्याला, प्रत्येक ट्रॅकची. सगळे तसंच करतात ना?

कोडकरी_बाणेर
सापडलं. आलापात तबलजी हात बांधून बसलेला असतो. त्याच्या दोन्ही माइकमध्ये फक्त शेजारचा तानपुरा झिरपतो आणि तुम्ही तोच फुगवून गळ्याएवढा करता. म्हणजे एक तानपुरा तीन वाटांनी आत शिरतो. पूर्ण मैफलीवर एकदाच मोजा आणि तोच आकडा सगळ्या तुकड्यांना लावा. बीएस १७७० या आवाजाची पातळी मोजायच्या प्रमाणित पद्धतीने मोजलंत तर त्यात गेट असतो, शांत भाग हिशेबात येत नाहीत.

जुन्या_कॅसेटी
माझ्याकडे आजोबांच्या कॅसेटी आहेत. त्यातला गळा वेगळा करता येईल का?

कोडकरी_बाणेर
@जुन्या_कॅसेटी, डेमुक्स हे गाण्यातले भाग वेगळे करणारं मॉडेल वापरून बघा, पण फार आशा ठेवू नका. ही मॉडेलं गायन, ड्रम, बास आणि इतर अशा चार भागांवर शिकलेली असतात. म्यूझडीबी१८ या प्रसिद्ध संचातली १५० गाणी मुख्यतः पाश्चात्त्य पॉप-रॉक आहेत. पेटी आणि तानपुरा त्यांना अनोळखी. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

सदाशिवपेठी
मुळात एकच मैफल हवी आहे, तर हाताने दोन तासांत होईल. एवढा खटाटोप का?

पेटीवाला_कोथरूड
हे आधीच सांगायला हवं होतं. ती ४१ मिक्सं माझ्या काकांची आहेत. वीस वर्षं त्यांनी पुण्यातल्या घरगुती बैठका स्वखर्चाने मुद्रित केल्या. अजून ६० मैफली तशाच पडून आहेत. आता त्यांना वरच्या पट्टीतलं नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी हेडफोन लावणंच सोडलं. मला माझं मिक्स नकोय, त्यांच्या हातचं हवंय. रविवारी त्यांच्याकडे सगळे जमणार आहेत.

सदाशिवपेठी
मग माझा सल्ला मागे घेतो. मैफल लावायला चांगले स्पीकर लागतील तर सांगा, घेऊन येतो.

पेटीवाला_कोथरूड
सोमवार. जुन्या १८ मैफलींचे चॅनल उलटवले, वर बेरीज-वजाबाकीचा लॉसही लावला. पातळी पूर्ण मैफलीवर मोजली. आता तबला डावीकडे बसतो, पेटी उजवीकडे, आणि आलापात गळा मोकळा. काकांनी पूर्ण यमन ऐकला. म्हणाले, डग्गा मोठा आहे. मी त्यांच्या जुन्या मिक्सांशी मापून पाहिलं, डग्गा तंतोतंत त्यांच्याच पातळीवर आहे.

तबलजी_हडपसर
वरचं ऐकू येईनासं झालं की खर्ज मोठा वाटतो. दायाँची चाट त्यांना पोचत नसेल.

पेटीवाला_कोथरूड
तसंच असावं. तरी त्यांच्यासाठी डग्गा दोन डेसिबलने उतरवून वेगळी प्रत काढतोय. संग्रहात जुन्या पातळीचीच ठेवेन.