लालबागची चाळ जाऊन टॉवर येतोय, संमतीपत्रावर सही करण्याआधी काय बघावं?

खोली_क्र_३१
नमस्कार मंडळी. लालबागला आमची पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायम भाड्याने घेतलेली, खोली आहे. १८० चौरस फूट, तिसरा मजला, संडास गॅलरीच्या टोकाला. आजोबा गिरणीत साच्यावर होते तेव्हापासूनची. आता बिल्डर आलाय. रस्त्याच्या बाजूला बाहेरच्यांना विकायची साठ मजली सेल बिल्डिंग, मागे आम्हा भाडेकरूंसाठी २३ मजली, प्रत्येकी ४२५ चौरस फूट. अर्ध्या चाळीने सह्या केल्यात. आई म्हणते गुडघे बोलतात, कर सही. बाबा फाइल उघडूनही बघत नाहीत. रविवारी मीटिंग आहे. यातून गेलेल्यांनी सांगा, काय विचारू? आणि शेजारी साठ मजले उभे राहिले की वस्तीचं काय होतं?

सहावा_मजला
परळला रिहॅब इमारतीत, म्हणजे जुन्या भाडेकरूंसाठीच्या इमारतीत, सहा वर्षं झाली. घरात संडास आला, सासूबाईंचं रात्रीचं बाहेर जाणं थांबलं. या एका गोष्टीसाठी मी दहा वेळा सही करेन.

आता बाकीचं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर सेल बिल्डिंगचं पोडियम, सात मजले नुसत्या गाड्या. दिवसाही ट्यूब लावूनच भाजी निवडते. ब्रोशरमध्ये त्या जागी झाडं होती.

चाळीत भाडं शंभराच्या आत होतं, इथे मेंटेनन्स ३,८००. सगळे भरत नाहीत, मग लिफ्टवाल्याचं वर्षाचं कंत्राट थकतं. गेल्या गणपतीला आदल्या दिवशीच लिफ्ट बंद. भावोजी मूर्ती घेऊन चढले, चौथ्या मजल्याच्या वळणावर मांडीवर घेऊन बसले, दम परत येईपर्यंत. मखर वळेना, दोन तुकडे करून वर नेलं.

कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठी बिल्डरने द्यायचा निधी, किती, तो सोसायटीच्या नावावर कधी जमा होणार, आणि त्याच्या व्याजात लिफ्ट-पंप-जनरेटर भागतं का, हे पहिलं विचारा. ४२५ की ४५० यावर घासाघीस नंतर करा.

बंद_भोंगा
सही करू नका. आज मिळेल ती किंमत उद्या दुप्पट होईल.

सहावा_मजला
आणि तोवर टेकू लावलेल्या गॅलरीत कोण झोपणार? तुम्ही?

नकाशेवाला
आर्किटेक्टच्या ऑफिसात तीस वर्षं नकाशे काढले, म्हणून थोडं सांगतो. तुमची उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर प्रकरण विकास नियमावलीच्या ३३(७) खाली जातं. पूर्वी ७० टक्के संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते. म्हणजे उरलेले अडून बसले तरी गाडी पुढे जाते. तेव्हा ताकद वापरायची ती ५१ व्हायच्या आधी. ३०० चौरस फूट तर नियमाने किमान मिळतातच, ते उपकार म्हणून सांगत असतील तर हसा.

ब्रोशर नको, नकाशा मागा. त्यात तीन गोष्टी बघा: दोन इमारतींमधलं अंतर, पोडियम कितव्या मजल्यापर्यंत, आणि लिफ्ट किती. आगीच्या वेळी वापरायची फायर लिफ्ट धरून 'दोन' सांगायची सवय असते. दोन्ही इमारतींची सोसायटी एक की वेगळी, पाण्याची टाकी कोणाच्या हद्दीत, हेही लेखी घ्या. करार नोंदणीकृत झाल्याशिवाय आणि नवं घर मिळेपर्यंत बिल्डरने द्यायच्या भाड्याची बँक गॅरंटी हातात आल्याशिवाय खोलीची चावी देऊ नका. अर्धवट खड्डा आणि थकलेलं भाडं, असली कुटुंबं मी ढिगाने पाहिलीत.

वरळीच्या बीडीडी चाळींशी तुलना कुणी केली तर सावध. तिथे म्हाडा, म्हणजे सरकारचं गृहनिर्माण मंडळ, स्वतः उतरलीय. १६० फुटांच्या खोलीचे ५०० फूट झाले, २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, आणि १२ वर्षं देखभालीचीही सोय आहे. खासगी बिल्डर यातलं काय देतो ते कागदावर बघा.

तिसरी_पाळी
वस्तीचं विचारलंत म्हणून लिहितो, जरा लांबेल. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होतो. गिरण्या गेल्या, जमीन उरली. १९९१च्या नियमात तिचे तीन वाटे होते: एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे होऊ लागले. गिरणीची जमीन तर शेडखालीच असते! मैदानं आणि कामगारांची घरं तिथे आटली. २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ती दुरुस्ती उचलून धरली. आज श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन ही इमारत २८० मीटर उंच उभी आहे. खालचा रस्ता मात्र तोच.

रस्ता, गटार, पूल यांना मजले चढवता येत नाहीत. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या त्या अरुंद जिन्यावर २०१७ साली वीसहून जास्त माणसं चेंगरून गेली. गिरण्यांच्या जागी ऑफिसं भरली होती, जिना जुनाच होता. आमच्या गल्लीत इस्त्रीवाला, पिठाची चक्की, खानावळ, तिन्ही पाच वर्षांत उठली. साठाव्या मजल्यावरचा माणूस गाडीतून निघतो, गाडीतूनच परत येतो. तो दळण कशाला टाकेल?

तरीही सही करा म्हणेन. फक्त तळमजल्यावर जुन्या दुकानदारांचे गाळे आहेत का, तेवढं बघा.

खोली_क्र_३१
सगळ्यांचे आभार. मीटिंग झाली. लिफ्ट किती विचारलं, दोन म्हणाले. नकाशा मागितला, तर नकाशेवालेकाका म्हणाले तेच निघालं, एक साधी, एक फायरची. २३ मजल्यांना! कॉर्पसचा आकडा 'नंतर सांगू'. चक्कीवाल्याचा गाळा आहे, पण पोडियमच्या आत. आमच्या मजल्यावरच्या नऊ जणांनी सह्या थांबवल्यात, आई माझ्यावर रुसलीय.

रात्री बाबांनी फाइल मागितली. नकाशा जमिनीवर पसरून, माझ्या मुलीची कंपासमधली पट्टी घेऊन दोन इमारतींमधलं अंतर मोजत बसलेत. नकाशेवालेकाका, स्केल १:२०० लिहिलंय, एक सेंटिमीटर म्हणजे दोन मीटरच ना?