उष्णतेचा धडा चुकलेल्या कल्पनेपासून सुरू करावा का?

निवृत्त विज्ञान शिक्षक, जुळे सोलापूर

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘उष्णता’ हा धडा आहे. अप्रकट उष्मा, विशिष्ट उष्माधारकता, दवबिंदू हे सारे त्यात क्रमाने येते, गणितेही येतात. तरीही हा धडा अनेक वर्षे शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की आपण व्याख्येपासून सुरुवात करतो हेच चुकते. सुरुवात कॅलरिकपासून करावी. उष्णता हा एक अदृश्य, वजन नसलेला द्रव असून तो गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो, ही ती अठराव्या शतकातील समजूत.

हे सुचवण्याचे कारण आपल्या घरांतच आहे. आंबा उष्ण पडतो, अंगात उष्णता साठली आहे, माठात गारवा उतरतो, असे आपण रोज बोलतो. उष्णता हा वस्तूत भरलेला जिन्नस आहे, हे मूल वर्गात येण्यापूर्वीच शिकलेले असते आणि फळ्यावरची व्याख्या त्या समजुतीला हातही लावत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी १७८९ मध्ये मूलद्रव्यांची यादी दिली, तीत कॅलरिकला प्राणवायूच्या पंक्तीत बसवले होते, हे सांगितले की मुलाला आपली समजूत प्रथमच समोर ठेवलेली दिसते. त्यानंतर संशोधक रम्फर्ड यांनी १७९८ मध्ये मांडलेला तोफ कोरण्याचा प्रयोग सांगावा. म्युनिकच्या कारखान्यात बोथट हत्याराने पितळ घासत राहिले आणि भोवतीचे पाणी सुमारे अडीच तासांत उकळले. घासणे चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते. जो जिन्नस कधी संपत नाही, तो साठवलेला असणार कसा? या प्रश्नापाशी येऊन थांबलेला वर्ग मी पाहिला आहे आणि त्यानंतर त्या मुलांना ‘उष्णता ही ऊर्जा आहे’ हे पाठ करावे लागलेले नाही.

अकरावी-बारावीच्या शिक्षिका, सात रस्ता

सरांविषयी आदर राखून मी या मताला विरोध करते. चुकीची कल्पना रंगवून सांगितली की तीच लक्षात राहते, हा माझा अनुभव आहे. द्रवाचे चित्र डोळ्यांपुढे सहज उभे राहते, रेणूंच्या गतीचे राहत नाही. त्यामुळे तीन महिन्यांनी विचारले तर मुले वाहणाऱ्या द्रवाविषयीच बोलतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वर्गात सांगितलेला इतिहास बहुधा खरा इतिहास नसतो. रम्फर्ड यांच्या प्रयोगाने कॅलरिक कोसळले असे आपण सांगतो, पण तसे झाले नाही. कॅलरिकवाद्यांपाशी उत्तर होते: धातूचा भुगा होताना त्यात दडलेले कॅलरिक पिळून बाहेर पडते. रम्फर्ड यांनी भुग्याची आणि अखंड धातूची उष्माधारकता, म्हणजे तापायला किती उष्णता लागते ते, तपासली, ती सारखीच भरली, आणि तरीही ही कल्पना पुढे सुमारे पन्नास वर्षे टिकली. ती मागे पडली ती इंग्रज शास्त्रज्ञ जूल यांच्या मोजमापांनी. घरचा व्यवसाय मद्यनिर्मितीचा असलेल्या या माणसाने खाली येणाऱ्या वजनाने पाण्यात वल्ही फिरवून दाखवले की एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवण्यासाठी तेवढेच वजन ७७२ फूट खाली येण्याइतके कार्य लागते. इतके सगळे सांगायचे तर चार तासिका लागतील आणि थोडक्यात सांगायचे तर ते असत्य होईल.

त्यापेक्षा आपल्या उन्हाळ्यातला माठ समोर ठेवावा. शंभर ग्रॅम पाणी पाझरून उडाले तर ते सुमारे ५८,००० कॅलरी घेऊन जाते. ही सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच गेली असे धरले तर जवळजवळ सहा लिटर पाणी दहा अंशांनी निवेल. हवेकडून काही उष्णता परत येते म्हणून प्रत्यक्षात कमी निवते, आणि ते ‘कमी’ किती हे मुलांनीच मोजावे. यात एकाही शास्त्रज्ञाचे नाव घ्यावे लागत नाही.

बॉयलर विभागातून निवृत्त, होटगी रस्ता

माझी बाजू सरांची आहे, पण कारण वेगळे आहे. मी उमेदवारी गिरणीच्या बॉयलरवर केली. त्या वेळी आम्हाला सूत्रे शिकवली गेली; कार्नो कोण होते ते मात्र कोणी सांगितले नाही, आणि त्यामुळे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. फ्रेंच अभियंता कार्नो यांनी १८२४ मध्ये वाफेच्या यंत्राचा विचार पाणचक्कीसारखा केला. पाणी उंचावरून खाली येताना चाक फिरवते आणि स्वतः मात्र तेवढेच राहते. तसे कॅलरिक जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे उतरताना यंत्र चालवते, अशी त्यांची मांडणी होती. ती चुकीची आहे, कारण उष्णतेचा काही भाग खरोखरच कार्यात बदलतो, सगळी उष्णता खाली पोचत नाही. पण उष्णतेचा जास्तीत जास्त किती भाग कार्यात बदलेल ही यंत्राची कमाल मर्यादा फक्त वरच्या आणि खालच्या तापमानावर ठरते, मग आत वाफ असो वा हवा, हा त्यांचा निष्कर्ष आजही जसाच्या तसा उभा आहे.

आपल्या होटगीजवळच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. वाफ सुमारे ६०० अंश सेल्सिअस आणि थंड बाजू सुमारे ४५ अंश धरली तर आदर्श यंत्रालाही ६४ टक्क्यांच्या आसपास थांबावे लागते. प्रत्यक्षातील असे संच ४० टक्क्यांच्या जवळपास असतात. उरलेली उष्णता बाहेर टाकायलाच हवी आणि त्यासाठी पाणी लागते. मे महिन्याच्या दुपारी थंड बाजूच पुरेशी थंड होत नाही, म्हणून तेवढाच कोळसा जाळून वीज थोडी कमी मिळते. पाणी उतरण्याची ती चुकलेली उपमा माहीत असती तर हे मला पहिल्याच वर्षी समजले असते.

यंत्रमागधारक, अशोक चौक

दोन्ही बाजू वाचल्या. आमच्या कारखान्यात सूत तुटू नये म्हणून हवेत ओल ठेवतात. तापमापक बाहेरपेक्षा कमी दाखवतो, तरी कामगारांना आत जास्त उकडते. हे माझ्या मुलाला दहावीच्या धड्यावरून सांगता आले नाही. कोणत्या पद्धतीने शिकवले असते तर आले असते?

अकरावी-बारावीच्या शिक्षिका, सात रस्ता

आपला प्रश्न माझ्याच मुद्द्याचा आहे. माठ ज्याने समजून घेतला त्याला हे सांगता येते: दमट हवेत घाम सावकाश उडतो, म्हणून अंगातील उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही. बाहेर ४२ अंश असताना आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात सुमारे २२ अंशांपर्यंत उतरतो. कारखान्यात तो एवढा उतरत नाही. या उत्तरात कॅलरिक कुठेही लागले नाही.

बॉयलरवाल्या काकांना मात्र एक प्रश्न विचारते. कार्नो १८३२ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी वारले. त्यांची जी टिपणे १८७८ मध्ये छापली गेली, त्यांत त्यांनी स्वतःच कॅलरिक सोडून उष्णता म्हणजे गती असे मानलेले दिसते. मग आपण मुलांना कोणते कार्नो शिकवणार?

निवृत्त विज्ञान शिक्षक, जुळे सोलापूर

रम्फर्ड यांच्याविषयीचा मॅडमचा आक्षेप मला मान्य आहे. ‘रम्फर्ड यांनी सिद्ध केले’ हे वाक्य मी कित्येक वर्षे उच्चारले आणि ते चूक होते. माठ आधी यावा हेही पटले. पण माठ समोर ठेवल्यावर गारवा कुठून आला असे विचारले, तर निम्मी मुले ‘मातीतून’ म्हणतात. ते उत्तर त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय ५८,००० कॅलरींचे गणित त्यांच्या दृष्टीने नुसते गणितच राहते. आणि तो शब्द पाहा: कॅलरी आणि कॅलरिक ही दोन्ही नावे उष्णतेसाठीच्या एकाच लॅटिन शब्दावरून आलेली आहेत, म्हणजे त्या जुन्या कल्पनेचे भावंड आपण एककातून रोज वापरतोच.

कोणते कार्नो, याला माझे उत्तर दोन्ही असे आहे. १८२४ चे आणि टिपणांतले, एकाच फळ्यावर शेजारी शेजारी.

अकरावी-बारावीच्या शिक्षिका, सात रस्ता

बारावीत असे करायला माझी हरकत नाही आणि यंदा उष्मागतिकी शिकवताना मी ते करून पाहीन. माझी हरकत दहावीपुरती आहे आणि ती कायम आहे.