'गेट डाउन टू' नंतर आयएनजी का? साहेबांनी मेल दुरुस्त करून पाठवला

अंबडकर२७:
नमस्कार मंडळी, मी अंबड एमआयडीसीत स्टोअरला आहे, मराठी मिडियमवाला. काल मेलमध्ये लिहिलं 'आय विल गेट डाउन टू प्रिपेअर द स्टॉक रिपोर्ट' तर साहेबांनी प्रिपेअरचं प्रिपेअरिंग करून परत धाडलं, का ते काही सांगितलं नाही. शाळेत तर टू नंतर साधं क्रियापद असंच घोटून घेतलंय ना? आणि गेट डाउन म्हणजे सीबीएस स्टँडला बसमधून उतरणं, त्याचा कामाशी काय संबंध?

दिंडोरीची_मॅडम:
दादा, साहेबांचं बरोबर आहे. हा टू 'वाँट टू गो' मधला नाही, हा प्रिपोझिशन आहे, आपल्या 'कामाला लागलो' मधला 'ला' समजा. म्हणून पुढे नाम येतं, नाहीतर आयएनजीवालं रूप. शंका आली की टू पुढे नुसतं 'इट' (खाण्याचं ईट नव्हे, 'ते' या अर्थाचं) ठेवून बघायचं. 'गेट डाउन टू इट' बसतं, 'वाँट टू इट' बसत नाही. 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' ची पण हीच गत, तिथे तर भलेभले घसरतात.
अर्थ म्हणाल तर नुसतं 'सुरू करणं' नाही. चहा झाला, गप्पा झाल्या, मोबाईल बघून झाला आणि आता खरंच मान खाली घालून बसलो, ते गेट डाउन टू. बसमधून उतरायला गेट डाउन आपल्याकडेच चालतं बरं का, इंग्रज गेट ऑफ म्हणतो. आणि 'धिस रेन इज गेटिंग मी डाउन' म्हणजे पावसाने जीव वैतागला, तिथे टू नाहीच.

बागायतदार_पिंपळगाव:
मॅडमनी छान सांगितलं, त्यात 'सेट अबाउट' पण टाका. ऑक्टोबर छाटणीला माणसं आली, ओळी वाटून दिल्या, कात्र्या चालू झाल्या तर 'वी सेट अबाउट प्रूनिंग द व्हाइन्स', कसं करायचं ते ठरवून हात घातला असं. इथेही आयएनजीच. पण जपून, माणसाला सेट अबाउट केलं तर ती मारामारी होते! आपलं 'तुटून पडणं' कसं, कामावर पण आणि माणसावर पण, तसंच. आणि 'सेट आउट' ला मात्र टू अन् साधं क्रियापद, 'सेट आउट टू प्रूव्ह', म्हणजे मनाशी ठरवून निघाला.

सातपूरकर:
'गेट राउंड टू' राहिलं की. आपल्याकडे 'मुहूर्त लागणं' म्हणतात ना तेच, बरेच दिवस राहिलेलं काम एकदाचं झालं. अमेरिकन लोक राउंडच्या जागी अराउंड म्हणतात. पुढे परत आयएनजी.

अंबडकर२७:
मस्त, डोक्यात बसलं. मग साहेबांना 'आय हॅवन्ट गॉट राउंड टू प्रिपेअरिंग द रिपोर्ट' असं लिहू का आता?

दिंडोरीची_मॅडम:
व्याकरण एकदम बरोबर आहे. पाठवू नका.