मदत हवी आहे: मिनडी काढलेला इ. कोलाय कमी चिकटतोय, की माझी मोजणीच चुकतेय?

नमस्कार मंडळी,

नागपुरात एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या सत्रात आहे. प्रोजेक्ट द्यायला तीन आठवडे उरलेत आणि इथेच घोडं अडलंय.

इ. कोलाय या जिवाणूमध्ये मिनडी आणि मिनई ही प्रथिनं पेशीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावे घेतात, म्हणून पेशी दुभागणाऱ्या एफटीएसझेड प्रथिनाचं कडं मधोमध बनतं. मिनडीचं जनुक काढलं की ते कडं टोकाशीही बनतं. मग गुणसूत्र नसलेल्या इवल्याशा मिनीसेल सुटतात आणि उरलेल्या पेशी लांबट होतात.

मी के-१२ या प्रयोगशाळेतल्या इ. कोलायचा साधा स्ट्रेन (वाण) आणि त्याचाच मिनडी नसलेला स्ट्रेन, दोन्ही ०.६ ओडीला (कल्चरच्या गढूळपणाचं माप) जुळवून, हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर तासभर ठेवते. पीबीएस या क्षारद्रावणाने तीनदा धुते, ट्रायटन या डिटर्जंटने हेला पेशी फोडते, प्लेटवर पसरवते. तिन्ही खेपांना म्युटंटच्या (मिनडी नसलेल्या स्ट्रेनच्या) वसाहती निम्म्याहून कमी. गाइड मॅडम खूश आहेत, कारण ओ१५७:एच७ या आजार घडवणाऱ्या इ. कोलायचा मिनडी म्युटंटही मानवी पेशींना कमी चिकटतो हे आधीच प्रसिद्ध झालंय. मला मात्र झोप नाही. परवा गिम्सा रंग देऊन स्लाइड लावली तर एका हेला पेशीच्या कडेला सात-आठ जांभळे ठिपके आणि एक लांब दोरा. ठिपके मिनीसेल असतील तर चिकटलेत, पण त्यांची वसाहत कधीच उगवणार नाही. दोरा कितीही लांब असो, वसाहत एकच.

मग मोजायचं काय? आणि टाइप-१ फिंब्रिया (चिकटायला मदत करणारे केसासारखे तंतू) कमी झाल्यात की नुसता आकार आड येतोय, हे वेगळं कसं करू? सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक देऊन साध्या स्ट्रेनचेच दोरे करून बघावेत का?

प्रतिसाद:
ताई, ओडीवर विसंबू नका. मिनीसेलही प्रकाश विखुरतात, त्यामुळे त्याच ओडीला म्युटंटच्या उगवणाऱ्या पेशी मुळातच कमी असतात. टाकलेल्या कल्चरचा सीएफयू (वसाहत उगवणाऱ्या पेशींचा आकडा) त्याच दिवशी काढा आणि चिकटलेल्यांची टक्केवारी त्यावर द्या. फिंब्रियांसाठी यीस्टसोबत गुठळ्या होतात का पाहा. डी-मॅनोज ही साखर घातल्यावर थांबल्या तर त्या टाइप-१ च्याच. सेफॅलेक्सिन जरूर करा. ते एफटीएसआय हे विभाजनाला लागणारं प्रथिन अडवतं, मिनडी शाबूत राहतं. आणि प्लास्मिडवर (वेगळ्या छोट्या डीएनए-कड्यावर) मिनडीचं जनुक परत घालून पाहिल्याशिवाय ‘जनुकामुळे’ असं लिहू नका.

धागाकर्ती:
खूप आभार! दुसऱ्या खेपेला टाकलेल्या कल्चरचीही प्लेट घातली होती, आकडा वहीत सापडला. टक्केवारी काढली तर फरक बराच आटला, पण मिटला नाही. उद्या सकाळी यीस्ट लावते.