पेपर आधी जास्त प्रामाणिक होते का?

कागदवाचक:
माझं मत सरळ सांगतो, पेपर आधी बातमीसाठी निघायचे, आता जाहिरातीसाठी निघतात. १७०२ ला लंडनमध्ये एलिझाबेथ मॅलेट या बाईंनी डेली कूरंट काढला, इंग्लंडमधलं पहिलं दैनिक, आणि त्यात चक्क लिहिलं की आम्ही आमची मतं घुसडणार नाही, वाचणाऱ्याला स्वतःची अक्कल आहे. आता बातमी कुठे संपते नि मत कुठे सुरू होतं तेच कळत नाही, जीव तुटतो हे बघून.

खिळेजुळवणी:
अजिबात पटलं नाही. एका पेपरवरून अख्खा काळ सोवळा कसा ठरवता? स्ट्रासबुर्गचा योहान कारोलुस आधी बातम्यांच्या हाताने नकला काढून पैसेवाल्या गिऱ्हाइकांना विकायचा, त्यात फार वेळ जायचा म्हणून १६०५ मध्ये छपाईकडे वळला. म्हणजे धंदा पहिल्या दिवसापासून होताच. आणि १६६५ चं लंडन गॅझेट तर सरकारीच.

मनवा_वाचते:
सगळ्यांनाच धंदेवाईक म्हणू नका हो. १६९० ला बोस्टनमध्ये बेंजामिन हॅरिसने चार पानी पेपर काढला, तीन पानं छापलेली आणि चौथं मुद्दाम कोरं, वाचणाऱ्याने आपल्याकडची बातमी त्यावर लिहायची आणि अंक पुढे पाठवायचा. परवाना नव्हता, चार दिवसांत सरकारने बंद पाडला, दुसरा अंक निघालाच नाही. मला ते कोरं पान फार मोठं वाटतं.

खिळेजुळवणी:
हॅरिसला मानतो. पण जाहिरातीला शिव्या देताना हेही बघा, ब्रिटनमध्ये १७१२ पासून १८५५ पर्यंत पेपरवर स्टँप टॅक्स होता, गरिबाला पेपर परवडायचाच नाही. न्यूयॉर्कचा 'द सन' हा पेपर १८३३ ला एका सेंटला मिळायला लागला, बाकीचे सहा सेंट घ्यायचे. जाहिरातीशिवाय हे जमलं असतं का?

कागदवाचक:
आणि त्याच 'द सन'ने १८३५ ला चंद्रावर पंखवाली माणसं दिसली म्हणून खोट्या बातम्यांची मालिका छापली! दोनच वर्षांत.

मनवा_वाचते:
माझ्या मते खरा फरक मशीनने पडला. २९ नोव्हेंबर १८१४, लंडनचा टाइम्स. हातप्रेसवरच्या कामगारांना सांगितलं, परदेशातून मोठी बातमी यायचीय, थांबा. ते बसून राहिले आणि तिकडे शेजारच्या इमारतीत कोनिग नावाच्या जर्मन माणसाने बनवलेल्या वाफेच्या मशीनवर अंक छापूनही झाला, पहाटे मालकाने येऊन सांगितलं की काम झालंय. तासाला ११०० ताव, हातप्रेसवर साधारण २५०. लाकडी प्रेस एकटा माणूस घेऊ शकायचा, असलं मशीन घ्यायला भांडवल लागतं, मग पेपर कुणाच्या हातात जाणार ते उघड आहे.

कागदवाचक:
हा मुद्दा पटला, मी जाहिरातीवरच अडकलो होतो. पण मॅलेटबाईंचं म्हणणं सोडणार नाही. मतं छापा ना, पण वेगळ्या पानावर, वर ठळक अक्षरात तसं लिहून.